काहूनसरांचा अवांतर वर्ग

काहूनसरांना नुसतं 'सलाम सर' म्हणून पुढे सटकायची सोय नव्हती. नागपुरात सदरच्या रस्त्यावर सायकल थांबवून तुम्ही सलाम केलात, की ते आधी तुमच्याकडे बघायचे, मग सायकलीकडे, आणि विचारायचे, "इकडून काहून चालली वं?" आता इकडून काहून म्हणजे काय? घर इकडे आहे म्हणून. पण तेवढ्यावर सुटका नसे. घर इकडे काहून, तर वडिलांना दवाखान्याचं क्वार्टर मिळालं म्हणून. दवाखाना इकडे काहून, तर मिशनच्या लोकांनी इथे जागा घेतली म्हणून. त्यांनी इथेच काहून घेतली? तोवर माझ्या कॅरिअरवरच्या ड्रॉइंग शीट उन्हाने वर वळायला लागलेल्या असत आणि माझं डोकं फिरलेलं असे.

त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. मिशनच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवून ते रिटायर झाले होते आणि तोपर्यंत दोन पिढ्यांनी त्यांना काहूनसर करून टाकलं होतं. शिकवायला उभे राहिले की त्यांची मराठी अगदी छापल्यासारखी शुद्ध. प्रश्न विचारायचा झाला की मात्र थेट भिवापूरकडची, जिथे ते वाढले तिथली. मला याचा विशेष राग यायचा. माझी आई अहमदनगरची. आमच्या घरात 'मले-तुले' म्हणणाऱ्याला जेवणाच्या टेबलावरून उठवलं जायचं. मी एकदा धीर करून सरांना म्हटलं, "सर, तुम्हाला इतकं छान मराठी येतं, तर 'का' म्हणा ना." ते म्हणाले, "'का' म्हटलं की मानूस उत्तर देऊन मोकळा होते. 'काहून' म्हटलं की थांबते." माझ्या मते माणूस थांबत नव्हता, माणूस वैतागत होता. पण हे त्यांना कोण सांगणार!

उंच, किडकिडीत, कोपरावर ठिगळ लावलेला तपकिरी कोट, आणि कोटाच्या खिशात भिवापूरची वाळकी मिरची. लोक सुपारी खातात तशी ते मिरची खायचे, देठाकडून सुरुवात करून. बोलता बोलता डोळ्यांतून पाणी वाहायचं. पहिल्या शनिवारी आलेल्या नव्या पोरांना वाटायचं, सर फारच हळवे आहेत, इतिहास सांगताना रडतात. दोनतीन आठवड्यांनी त्यांना कळायचं की इतिहासाचा काही संबंध नाही.

तर हा शनिवार. आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, जुन्या पाळकसाहेबांनी एक नियम करून ठेवला होता. मंडळीच्या ट्रस्टमधून ज्याची इंजिनियरिंगची फी जाते, किंवा जो मंडळीच्या वसतिगृहात राहतो, त्याने दर शनिवारी संध्याकाळी चर्चमागच्या वाचनखोलीत काहूनसरांपुढे बसायचं. बसून काय करायचं, तर इतिहास, कविता, निबंध, आणि जगात माणसं आजवर कशावरून भांडत आली याची चर्चा. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आम्ही पोरांनी त्याला 'अवांतर' असं नाव दिलं होतं. शाळेत धड्याखाली 'अवांतर वाचन' असायचं, जे कुणीच वाचत नसे, ते हे. वसतिगृहातला शमुवेल, म्हणजे आमचा शमू, शनिवारी दुपारी कॉलेजात डबा खाताना विचारायचा, "आज अवांतरले येऊन राहिली ना?" आणि आम्ही दोघंही डब्यात बघत उसासे टाकायचो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात ती. कॉलेजात सिव्हिलला मुली बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली मी एक, फी ट्रस्टची. सोमवारी सबमिशन, मास्तर शीटवर लाल पेन्सिल मारायला टपलेले, आणि मी शनिवारी संध्याकाळी बसले आहे एका कवितेत आलेल्या 'उंबरा' या शब्दावर तासभर! अंगाचा तिळपापड व्हायचा. आई म्हणायची, आधी पोटोबा मग विठोबा. आमच्याकडे विठोबा नव्हता, पण म्हण होती. तिचं म्हणणं होतं की आधी पूल बांधायला शीक, कवितेचं मागाहून बघता येईल. मला ते शंभर टक्के पटायचं. म्हणून आधीच सांगून ठेवते, हा वर्ग पुढे मंडळीने बंद पाडला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आणि मला अजून त्याची चीड येते. तेव्हा वर्गाची यायची, आता बंद पाडणाऱ्यांची येते. एवढाच काय तो फरक.

पोरं सरांशी वाद घालत नसत असं नाही. एकदा शमूने मोठ्या हुशारीने मुद्दा काढला. म्हणाला, सर, प्रभू येशू स्वतः सुतार होता. म्हणजे आमच्याच लाइनीतला. त्याला कुणी कविता शिकवली होती? वर्ग खूश झाला. सरांनी मिरचीचा तुकडा तोडला, डोळे पुसले आणि म्हणाले, "त्यानं इतकी वर्षं रंधा मारला, पण मागं एक पाटबी नाही ठेवला. ठेवल्या त्या गोष्टी. काहून?" मग सर छापील मराठीत म्हणाले की तुम्ही धरण बांधाल, पूल बांधाल, ते चांगलंच बांधा, सुताराचं पोर वाकडं दार करत नाही. पण कुणासाठी बांधता आणि तिथे आधी काय होतं, हे तुमच्या पुस्तकात नाही. ते इथे शोधायचं. 'इथे' म्हणताना त्यांनी टेबलावर हात ठेवला. टेबलावर वाळवीने खाल्लेल्या दोन पुस्तकांशिवाय काही नव्हतं. मी घड्याळ बघितलं.

एकदा त्यांनी निबंध घातला: आपलं घर. अट एकच, एकही आकडा वापरायचा नाही. खोल्या किती, खिडक्या किती, भावंडं किती, काही नाही. आम्ही इंजिनियरिंगची पोरं, आमच्या हातातली काठीच काढून घेतली. मी लिहिलं, 'आमचं घर लहान आहे. पुरेसं आहे.' आणि पुढे काही सुचेना. घर लहान, म्हणजे किती लहान, हे आकड्याशिवाय सांगायचं कसं? शेवटी चिडून लिहिलं, की बाबा दवाखान्यातून आले की उंबऱ्याबाहेरच उभे राहून शर्ट काढतात, कारण त्यांना वाटतं की औषधांचा वास घरात आला तर दुखणं मागोमाग येईल. आणि आई आतून दुसरा शर्ट देते आणि रोज म्हणते, काय मेला वास येतो, या आत. सरांनी ते वाचलं आणि काहून विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आता समजलं घर केवढं आहे ते." माझे बाबा कंपाउंडर होते हे मी कॉलेजात कुणाला सांगत नसे. त्या दिवशी वर्गात सगळ्यांना कळलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याचाही घरी जाताना राग आला.

मग महाल भागातली ती गल्ली. सर आम्हाला एका शनिवारी महालात घेऊन गेले. जुनी वस्ती, बोळ असे की समोरून रिक्षा आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. एक गल्ली सरळ चालली होती आणि मधेच विनाकारण कोपर काढून वळत होती. शमू म्हणाला, प्लॅनिंग नाही, दुसरं काय. सरांचा प्रश्न तयार होताच. पानठेल्यावाल्याने सांगितलं, तिथे पूर्वी विहीर होती. शिंप्याने सांगितलं, विहीर कसली, दोन भावांचं भांडण होतं. एका आजीने सांगितलं, ते दोघेही खोटं बोलतात, तिथे राजाचा हत्ती बसायचा. आम्ही दमून रस्त्यावर बसलो. मी म्हटलं, सर, मग खरं काय? सर आनंदाने उजळले होते. म्हणाले, ते नाही समजलं. पण ती गल्ली वाकडी आहे ती कुणाच्या तरी आयुष्यामुळे, प्लॅनिंग नाही म्हणून नव्हे, एवढं तर समजलं. सरळ वस्तूला कारण एक असतं, ती सरळ आखली. वाकड्या वस्तूला आणि रिकाम्या जागेला कारण शोधावं लागतं. संध्याकाळ अख्खी गेली होती आणि हाती आला होता एक हत्ती. मी घरी येऊन शीट करायला बसले आणि रेघ चुकवली.

जुने पाळकसाहेब वारले आणि पंचकमिटीवर डेप्युटीसाहेब आले. हे बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. कामाला वाघ. चर्चचं गळकं छत त्यांनी एका उन्हाळ्यात दुरुस्त करून घेतलं. आमच्या पोरांना नोकऱ्या लागाव्यात म्हणून ते चार उंबरे झिजवायचे, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपला समाज लहान, आपल्याला पाठबळ कुणाचं नाही, पोरांनी मार्क मिळवले तरच निभाव लागेल. यात खोटं काय होतं? वाचनखोलीत त्यांना ड्रॉइंग हॉल करायचा होता, दिवे आणि उंच स्टुलं लावून. सरांच्या वर्गाबद्दल ते हसून म्हणायचे, अवांतर आहे, असू दे काही दिवस. आमचाच शब्द त्यांनी उचलला होता.

त्या वर्षी कमिटीने ठरवलं की भिवापूरकडच्या एका गावात, जिथे आमच्या मंडळीची छोटी शाखा होती, मिरच्या वाळवायला सिमेंटचं मोठं खळं बांधून द्यायचं. तिथल्या बाया मिरच्या रस्त्यावर वाळत घालत आणि बैलगाड्या त्यावरून जात. काम नाताळच्या सुट्टीत आम्हा इंजिनियरिंगच्या पोरांनी श्रमदानाने करायचं. डेप्युटीसाहेबांनी नकाशा काढून आणला. प्रार्थनाघरामागे भलीमोठी मोकळी, सपाट, उन्हाची जागा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मागच्या बाकावरून सरांचा आवाज आला, "एवढी चांगली जागा, गावाच्या मधात. आजपर्यंत मोकळी काहून राहिली गा?"

डेप्युटीसाहेब म्हणाले, "कारण आजपर्यंत तिथे इंजिनियर गेला नव्हता, सर." लोक खो खो हसले. सरांनीही हसून मिरची काढली. माझ्या मात्र नाकाला झोंबली, आणि ती डेप्युटीसाहेबांची नव्हे, सरांचीच. भर सभेत असलं बोलीतलं काहीतरी विचारायचं, पुढे मुद्दा मांडायचा नाही, आणि हसं करून घ्यायचं. काही माहीत असेल तर सरळ बोला ना!

आम्ही गेलो, बरोबर डेप्युटीसाहेबही. मी लेव्हलची दुर्बीण लावली, शमूने पट्टी धरली, पाणी कुठे वाहून जाईल त्याचा उतार काढला, चुन्याच्या रेघा मारल्या. गावातली तरणी माणसं मदतीला होती. म्हाताऱ्या बाया पहाटेच मिरच्या तोडायला शेतात जायच्या, त्या अंधार पडल्यावर परतायच्या. सगळं कसं नकाशात होतं तसं. दुसऱ्या दिवशी कडेचा पाया खणायला घेतला आणि कुदळीखाली काहीतरी आलं. शमूने ते हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. लहान होतं. फार लहान होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

कुणीतरी शेतात निरोप धाडला असावा. राहेलमाय आली. त्या शाखेतली सगळ्यात म्हातारी बाई, हाताला तिखट लागलेलं, पदरात मिरच्या तशाच. ती चुन्याच्या रेघेच्या आत आली आणि मधोमध खाली बसली. डेप्युटीसाहेब म्हणाले, माय, उठा, काम चाललं आहे. ती म्हणाली, "माह्ये दोन आहेत इथं." मग हळूहळू बाकीच्या म्हाताऱ्या आल्या आणि आपापल्या जागी जाऊन बसल्या. खुणेचा एक दगड नव्हता, पण कुणाचीही जागा चुकली नाही. पूर्वी पटकीची साथ आली होती. गावाने मसणवट्यात जागा दिली नाही, मंडळीची दफनभूमी तेव्हा नव्हती. लेकरं इथे ठेवली होती, रात्रीतून, आणि गावाला कळू नये म्हणून वर काही ठेवलं नव्हतं. एवढी वर्षं त्या जागेवरून कुणी चालत नव्हतं, बस्स.

डेप्युटीसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. ते म्हणाले, अहो पण आधी सांगायचं ना कुणीतरी! राहेलमायने त्यांच्याकडे बघितलंही नाही. माती सारखी करत ती म्हणाली, "विचारलं कोनं? तुम्ही त आल्यापासून मापूनच राहिले."

लेव्हल माझ्या हातात होती. मी ती पेटीत ठेवली. पेटीचं झाकण नीट लागेना.

तुम्हाला वाटेल की यानंतर मंडळीला सरांची किंमत कळली. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही नागपूरला परतलो, कमिटी बसली, आणि तिथे ठरलं काय, तर सरांना सगळं आधीपासून माहीत होतं! ते भिवापूरकडचे, त्यांना माहीत नाही असं कसं होईल? माहीत असून त्यांनी सांगितलं नाही, कोड्यात बोलले, डेप्युटीसाहेबांची फजिती व्हावी म्हणून. सर उभे राहिले. त्यांचं गाव वेगळं होतं, त्या गावाशी त्यांचा संबंध नव्हता, हे त्यांनी सांगितलं. कुणी ऐकेना. तेव्हा ते म्हणाले, "मले माहीत असतं त मी सांगितलं नसतं का? माहीत नव्हतं म्हनून त विचारलं."

याच्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. मला ते अजून आठवतं आणि अजून हात शिवशिवतात. खोलीभर शिकलेली माणसं, आणि त्यातल्या एकालाही पटू नये की एखादा माणूस माहीत नसतं म्हणून प्रश्न विचारतो! त्यांच्या लेखी प्रश्न विचारतो तो परीक्षक, नाहीतर डाव टाकणारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याच बैठकीत ठराव झाला. वाचनखोलीचा ड्रॉइंग हॉल करावा. शनिवारचा वर्ग अवांतर असल्याने बंद करावा.

मी तणतणत सरांच्या खोलीवर गेले. खोली म्हणजे वाचनखोलीला चिकटलेली पडवी, तीही त्यांना आता सोडायची होती. मी म्हटलं, सर, तुम्ही भांडत का नाही? राहेलमायला साक्षीला आणा. आम्ही पोरं उभी राहतो. तुम्ही नुसते प्रश्न विचारून बसता, कधी तरी उत्तर द्या ना! मी जवळजवळ ओरडत होते. ज्या वर्गाला मी तीन वर्षं शिव्या दिल्या, त्याच्यासाठी. सरांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुले काहून एवढा राग आला वं, सरोज?"

खरं तर शनिवार आता मोकळा होणार होता. शीट वेळेवर होणार होत्या. मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला खोटं पाडलं. सर मान हलवत म्हणाले, त्याचं दुःख आहे, नाही असं नाही, रात्री झोप लागली नाही. पण खरं लागलं ते वेगळंच. बैठक दोन तास चालली. कुदळ, सिमेंट, खर्च, मंडळीची अब्रू, सगळ्याची चर्चा झाली. "त्या बाईच्या लेकरायची नावं काय होती, हे एकानंबी नाही विचारलं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी हाताकडे बघितलं. हातात मिरची नव्हती.

ते बहिणीकडे भिवापूरला राहायला गेले. आम्ही चौघंपाचजण त्यांना मोटारस्टँडवर सोडायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. बसमध्ये बसता बसता त्यांनी कंडक्टरला विचारलंच की ही गाडी रोज उशिरा काहून सुटते. कंडक्टर म्हणाला, बाबा, बसा ना चुपचाप. आम्ही हसलो, आणि बस हलल्यावर शमू एकदम म्हणाला, आता शनिवारी काय करायचं बे?

पुढे त्यांनी काय केलं ते मी एका ईस्टरला डोळ्यांनी पाहिलं. भिवापूरहून ते त्या गावी जाऊन राहायचे आणि एकेका म्हातारीजवळ बसून विचारायचे. कुणाचं लेकरू, नाव काय, काय खायला आवडायचं, कसं हसायचं. मग ईस्टरच्या पहाटे सगळी शाखा त्या मोकळ्या जागेच्या कडेला उभी राही आणि बाया एकेक नाव मोठ्याने घेत. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं असेल तर 'राहेलचा धाकटा', असं. दगड तेव्हाही लावला नाही, बायांनाच नको होता. खळं गावाबाहेर दुसऱ्या जागेवर झालं होतं, डेप्युटीसाहेबांनीच ते करून दिलं, आणि उत्तम करून दिलं. त्याचा उतार अजून पाणी धरत नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागले. विहिरी, टाक्या, पंपघरं. दर जागेवर गेले की मी विचारायची, ही जागा मोकळी का आहे? 'का'च म्हणायची, काहून हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. बहुतेक वेळा त्यातून काहीच निघत नाही, हेही खरं सांगते. एकदा मी एक टाकी पंधरवडाभर अडकवून ठेवली, गावातल्या बायांना गोळा केलं, आणि निघालं काय, तर जागा मोकळी होती कारण ती मोकळी होती. साहेबांनी मला झाडलं. म्हणाले, मॅडम, कामाचं बोला, अवांतर नको. हा शब्द माझा पिच्छा सोडत नव्हता. तरी पुढच्या जागेवर मी विचारलंच. सवय लावून गेला होता तो माणूस, आणि वापरायची तिथे तिची कुणाला गरज नव्हती. अशा सवयीचं लोणचं घालायचं का?

ऐंशीनंतर केव्हातरी सर वारले. दफन भिवापूरला झालं, मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. नागपुरात स्मरणसभा ठेवली होती, म्हणून मी बाबांना घेऊन गेले. चर्चच्या दारावर कापडी बोर्ड लावला होता. महालातल्या पेंटरकडून झोकदार अक्षरांत रंगवून आणलेला, सरांचं पूर्ण नाव, आणि नावाआधी 'कै.'. कैलासवासी! आमच्यात प्रभुवासी म्हणतात, हे पेंटरला ठाऊक नसणार. पण अख्ख्या कमिटीने तो बोर्ड आणला, बांधला, ती त्याखालून आत गेली, आणि कुणाच्या डोळ्याला ते खुपलं नाही. सर असते तर खाली उभे राहून म्हणाले असते, मी कैलासाले काहून गेलो गा? मी शमूला कोपराने ढोसलं. त्यानेही वाचलं होतं. आम्हाला हसू आवरेना आणि मग एकदम दोघांनाही रडू आलं.

डेप्युटीसाहेब आता मंडळीचे अध्यक्ष होते. थकले होते, पण आवाज खणखणीत. ते मनापासून बोलले. आज आपल्या मंडळीचे इंजिनियर नागपुरापासून आखातापर्यंत पसरले आहेत, त्यांना माणूस म्हणून घडवलं ते सरांनी, त्यांचा तो शनिवारचा वर्ग म्हणजे आपल्या समाजाचं भूषण होतं. टाळ्या. आणि म्हणून कमिटीने ठरवलं आहे, की आपल्या ड्रॉइंग हॉलला सरांचं नाव द्यावं. पुन्हा टाळ्या. बाबांनीही वाजवल्या.

मी उभी राहिले. खरं तर मी नीट तीन वाक्यं ठरवून आले होते, शुद्ध, आईला आवडतील अशी. सरांचे उपकार, त्यांची शिकवण, वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. माझ्याच कानांना माझा आवाज ओळखू येईना.

"साहेब, मग वर्ग बंद काहून केला होता?"

सगळे मागे वळले. कुणी हसलं नाही. डेप्युटीसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. खरंच वाटलं. त्यांचे ओठ हललेही. मग ते अगदी मायेने म्हणाले, "बेटा, तो विषय आत्ता अवांतर आहे."

नव्या पाळकसाहेबांनी घाईने हात वर केले आणि म्हणाले, आपण प्रार्थनेसाठी उभे राहू या. बाकांचा आवाज झाला आणि सगळी मंडळी उभी राहिली. मी आधीपासूनच उभी होते.